नवा सावकार आणि मोडलेला शेजार

आमच्या गांवीं दर मंगळवारीं सकाळीं साडेनऊच्या सुमारास एक तरुण गृहस्थ मोटारसायकलवरून येतो. अंगांत इस्त्रीचा सदरा, पायांत बूट, पाठीला काळी पिशवी, हातांत मोठा मोबाईल आणि तोंडांत साखर. म्हाताऱ्या बाईला तो मावशी म्हणतो, तरणीला ताई म्हणतो. कोणाचें पोर गेल्या आठवड्यांत तापानें फणफणलें होतें तें त्याच्या बरोबर ध्यानांत असतें. आमच्या बायका त्याला "सर" म्हणतात. वीस वर्षें गांवांत शाळा चालविणाऱ्या या मास्तराला जेवढा मान नाहीं तेवढा त्याला आहे. त्याबद्दल माझी कांहीं तक्रार नाहीं. तक्रार निराळी आहे, आणि ती करण्यापूर्वीं एक गोष्ट कबूल केली पाहिजे, कीं या प्रकरणांत माझेही हात स्वच्छ नाहींत.

हा गृहस्थ कर्ज वाटणाऱ्या एका कंपनीचा नोकर आहे. अशा कंपन्या आमच्या पंचक्रोशींत हल्लीं पांच-सहा फिरतात. त्यांच्या कर्जाला सातबारा लागत नाहीं, दागिना लागत नाहीं, सोयरा जामीन लागत नाहीं. दहा बायकांनीं एका अंगणांत बसावें, आधार कार्ड दाखवावें, अंगठा टेकावा, कीं आठ-पंधरा दिवसांत तीस हजार रुपये खात्यावर हजर! आमच्या आज्यापणज्यांनीं सावकाराच्या ओट्याखालीं वहाणा काढून, हात जोडून, दोन दोन तास उन्हांत उभें राहून जें मिळविलें, तें आज घरबसल्या, चहा पाजतां पाजतां मिळतें. मग तें गोड कां वाटूं नये? मासा गळाकडे जातो तो लोखंड खाण्यासाठीं जात नाहीं.

मी कर्जाच्या विरुद्ध नाहीं हें आधींच सांगून ठेवितों, नाहींतर कोणी म्हणेल मास्तराला महिन्याचा पगार आहे, त्याला काय जातें बोलायला. शेतकऱ्याला पेरणीपूर्वीं, बुरुडाला बांबूसाठीं, शिंप्याला दिवाळीच्या तोंडावर कापडासाठीं, कुंभाराला माती आणि सरपणासाठीं पैसा लागतोच. हा पैसा बँकेंत मिळावा असें कागदोपत्रीं ठरलेलें आहे. पण बँकेंत गेलेल्या आमच्या बाईला "सोमवारीं या", "साहेब रजेवर आहेत", "जामीनदार आणा" हीं तीन वाक्यें ऐकून परत यावें लागतें. एसटीचें भाडें आणि एका दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. बँकेनें दार लावून घेतलें म्हणून कंपनी दारीं आली. तेव्हां कंपनीला शिव्या देण्यापूर्वीं दोन शब्द बँकेलाही ऐकवावे लागतील. ते पुन्हां केव्हां तरी.

आतां हें कर्ज खरोखर कितीला पडतें तें पाहूं. ट्रेनिंग कॉलेजांत आम्हांस व्याजाचीं गणितें शिकविलीं होतीं, तीं या वयांत उपयोगीं पडलीं. मीं हें गणित सातवीच्या वर्गांत फळ्यावर घातलें. तीस हजारांचें कर्ज. पन्नास आठवडे, दर आठवड्यास ६७० रुपये. एकूण परतफेड ३३,५०० रुपये, म्हणजे व्याज ३,५००. "सर" सांगतात, "मावशी, शेकडा बारासुद्धां पडत नाहीं!" पोरांनीं भागाकार केला, उत्तर तसेंच आलें. मग मीं विचारलें, बाळांनो, ते तीस हजार त्या बाईजवळ वर्षभर राहिले काय? पहिल्याच आठवड्यास तिनें मुद्दलांतले ६०० परत केले. दुसऱ्या आठवड्यास आणखी ६००. पंचविसाव्या हप्त्यानंतर तिच्याकडे मुद्दल उरलें १५,०००, आणि शेवटच्या आठवड्यांत अवघे ६००. सरासरी काढली तर ती बाई पन्नास आठवडे वापरते १५,३०० रुपये आणि त्यावर व्याज देते ३,५००. म्हणजे शेकडा जवळजवळ तेवीस, आणि तेंही पुरें वर्ष होण्याच्या आंत. शिवाय फी आणि विमा या नांवाखालीं आरंभींच ८०० रुपये कापले गेले, ते व्याजांत धरले तर शेकडा अठ्ठाविसांच्या वर. पोरें एकमेकांकडे पाहूं लागलीं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, माझ्या आईला हें ठाऊक नाहीं." मी गप्प बसलों. कारण तिच्या आईचा अर्ज मींच भरला होता.

कंपनीनें हा दर लपविला असेंही म्हणतां येत नाहीं. कर्जाबरोबर एक माहितीपत्रक मिळतें, त्यांत वर्षाचा खरा दर छापलेला असतो, आणि तें मराठींत असतें. पण छापलेलें कोणी वाचीत नाहीं आणि बोललेलें सर्वांना ऐकूं येतें, एवढ्यावर धंदा चालतो.

आणि तरीही, वाचकहो, व्याज हा या कर्जांतला लहान धोका आहे. गांवचा खासगी सावकार महिन्याला शेकडा पांच घेतो, त्याच्या मानानें कंपनी स्वस्तच म्हणावी लागेल. खरा धोका त्या "तारण लागत नाहीं" या शब्दांत दडलेला आहे. तारण लागतें. तें तारण म्हणजे तुमची शेजारीण. दहा बायकांचा गट करावयाचा, दहाजणींनीं एकमेकींची हमी घ्यावयाची, एकीचा हप्ता चुकला तर तो नऊजणींनीं भरावयाचा, आणि भरेपर्यंत अंगणांतून कोणी उठावयाचें नाहीं. न भरल्यास पुढचें कर्ज दहाहीजणींना बंद. शेत गहाण पडलें तर एक घर बुडतें. शेजार गहाण पडला तर आळी बुडते.

ही युक्ति मुळांत वाईट हेतूनें निघालेली नाहीं. बांगलादेशांत सन १९७६ मध्यें जोब्रा नांवाच्या खेड्यांत महंमद युनूस नांवाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानें ४२ गरिबांस मिळून अवघे २७ डॉलर उसने दिले. बांबूचीं स्टुलें विणणाऱ्या बायका त्यांत होत्या. त्यांतून पुढें ग्रामीण बँक उभी राहिली, आणि २००६ सालीं त्या बँकेला व युनूस यांना शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. गरिबाजवळ जमीन नाहीं, सोनें नाहीं, पण त्याला शेजारी आहेत आणि शेजाऱ्यांत त्याची अब्रू आहे, हें त्या प्राध्यापकानें ओळखलें. पुढें हेंच ज्ञान नफा मोजणारांच्या हातीं गेलें. अब्रू हें तारण आहे काय? मग अब्रूवर जप्ती आणा! आंध्र प्रदेशांत २०१० सालीं वसुलीच्या जाचानें कर्जदारांनीं जीव दिल्याच्या बातम्या इतक्या आल्या कीं सरकारला ऑक्टोबरांत वटहुकूम काढावा लागला. कर्नाटक सरकारलाही फेब्रुवारी २०२५ मध्यें वटहुकूम काढावा लागला. चौदा-पंधरा वर्षें मध्यें गेलीं. गळ तोच, आमिष तेंच, तळें फक्त निराळें.

आपल्याच मुलखांतला एक जुना दाखला येथें देतों. सन १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील करडे गांवच्या लोकांनीं सावकाराशीं व्यवहार तोडला. त्याच्या शेतांत कोणी राबेना, न्हावी त्याची हजामत करीना, परीट त्याचे कपडे धुईना. हें वारें गांवोगांव गेलें, आणि १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें बाजाराच्या दिवशीं दंगा पेटला. तो पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. लोकांनीं सावकाराकडे मुख्यतः मागितलीं तीं खतें आणि दस्तऐवज, आणि त्यांची होळी केली. सरकारनें चौकशी बसविली आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं कायदा केला. मी दंग्याची तरफदारी करीत नाहीं. मला दाखवावयाचें आहे तें दंग्याच्या आधींचें. न्हाव्याला सावकाराचें कर्ज असेल नसेल, परटाचें त्याच्यावांचून अडत नव्हतें असेंही नाहीं. पण शेजारी नाडला जात आहे एवढें त्यांना दिसलें आणि त्यांनीं आपलें गिऱ्हाईक सोडलें. सावकार गांवांत एकटा पडला.

आजच्या सावकारानें हा इतिहास वाचला असेल कीं नाहीं देव जाणे, पण त्यानें डाव नेमका उलटा टाकिला आहे. आतां हप्ता चुकला कीं एकटी पडते ती कर्जदार बाई, आणि सावकाराच्या वतीनें तिच्या दारांत बसतों ते आपण.

हें मी पुस्तकांतलें सांगत नाहीं. गेल्या वैशाखांत आमच्या आळींत घडलेलें सांगतों.

आमच्या शाळेच्या मागल्या बाजूस एक कुंभाराचें घर आहे. नवरा-बायको दोघेंही राबणारीं; मडकीं, पणत्या, कुंड्या, आणि उन्हाळ्यांत विटा. तीन मुलें, तिन्हीं माझ्या हाताखालून गेलेलीं. वैशाखांत अवकाळी पाऊस दोन दिवस झोडपून गेला. वाळत घातलेल्या कच्च्या विटा आणि आव्यांत घालावयाचीं मडकीं सर्व पुन्हां माती होऊन गेलीं. शेतकऱ्याच्या नुकसानीचा पंचनामा होतो, निदान तलाठी येऊन पाहून तरी जातो. कुंभाराच्या चिखलाचा पंचनामा करावयास कोणी आल्याचें मीं पाहिलें नाहीं. ती बाई त्या मंगळवारीं हप्ता आणूं शकली नाहीं. पुढच्या मंगळवारीं अंगणांत आलीच नाहीं. तिसऱ्या मंगळवारीं "सर" म्हणाले, "ताई, मावशी, आपण सगळ्या जणी मिळून त्यांच्या घरीं जाऊं. समजावून सांगूं."

नऊ बायका गेल्या. कोणी तान्हें पोर काखेला मारून, कोणी रोजंदारी बुडवून. कुंभारीण दाराआड बसली होती. "सर" एक शब्द वाईट बोलले नाहींत. त्यांना बोलावा लागत नाहीं हीच तर या धंद्याची खुबी! ते मोबाईलमध्यें मान घालून बसले आणि बोलावयाचें तें आमच्याच बायका बोलल्या. उन्ह चढूं लागलें तशा जिभा चढूं लागल्या. दुपारी, "तुझ्यापायीं आमी उपाशी बसलोय." तिसऱ्या प्रहरीं, "पोरगीच्या लग्नाला चार तोळं घातलंस तवा कुठनं आलं?" दिवेलागणीच्या आधीं, "लाज असंल तर भांडीं इक." सहा वाजले. वसुलीचा माणूस सहा नंतर थांबूं शकत नाहीं असा नियम आहे, म्हणून "सर" नियमाप्रमाणें उठले आणि पारावर जाऊन बसले. बायकांना तो नियम लागू नाहीं. बायका बसून होत्या.

शेवटीं कुंभारणीनें आंतून तांब्याचा हंडा आणून ओट्यावर ठेविला. तिच्या माहेरचा, लग्नांतला. एका बाईनें ६७० रुपये पदरचे भरले आणि तो हंडा आपल्या घरीं नेला, पैसे फिटेपर्यंत. पारावर पावती फाटली. मोटारसायकल गेली.

तो हंडा नेणारी बाई माझी सख्खी धाकटी भावजय. आणि हप्ता न देणाऱ्या बाईला पहिल्या बाळंतपणांत रात्रीं दीड वाजतां बैलगाडींत घालून तालुक्याला नेणारी बाईही माझी भावजयच होती. त्या रात्रीं गाडीचें भाडें किंवा तारण कोणी विचारलें नव्हतें. मीं तिला दुसऱ्या दिवशीं बोल लावला तेव्हां ती रडत म्हणाली, "भावजी, मी नसतं भरलं तर अजून बसावं लागलं असतं. आन् माझं बी पुढचं लोन अडलं असतं, बियाण्याचं." तिचें खोटें नव्हतें. वाघाला शेळी मारावयाची असली तर तो दुसरी शेळी पाठवीत नाहीं. हें कौशल्य माणसाला साधलें आहे.

आतां माझा भाग. त्या गटाच्या दहाहीजणींचे अर्ज मीं भरून दिले होते. अक्षर चांगलें, वेळ मोकळा, आणि मास्तर म्हणून थोडी मोठेपणाची हौस. अर्जांत घरचें वर्षाचें उत्पन्न विचारलें होतें. कुंभाराच्या घरीं सारें मिळून महिन्याला दहा हजारांवर येत नाहीं, म्हणजे वर्षाचे एक लाख वीस हजार. मी तो आंकडा लिहूं लागलों तेव्हां "सर" हंसून म्हणाले, "गुरुजी, दोन लाख नव्वद लिहा. सगळेच लिहितात. नाहींतर मंजूर होत नाहीं." दुसरें कर्ज आहे काय, या रकान्यांत त्यांनीं "नाहीं" लिहावयास सांगितलें, तेंही मीं लिहिलें. तिचीं आधींचीं दोन कंपन्यांचीं दोन कर्जें चालू होतीं हें मला ठाऊक होतें, कारण अर्ध्या आळीला ठाऊक होतें.

त्या आंकड्याचा अर्थ मला पुढें कळला. रिझर्व्ह बँकेनें मार्च २०२२ मध्यें या कर्जांचे नियम केले आहेत. ज्या घराचें वर्षाचें उत्पन्न तीन लाखांपर्यंत आहे त्याला हें बिनतारणी कर्ज मिळावें. परंतु त्या घराचे सर्व कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊं नयेत. कुंभाराचे तिन्हीं कर्जांचे हप्ते महिन्याला ७,८०० होत होते. खऱ्या उत्पन्नाचें निम्में ५,०००. खरें लिहिलें असतें तर तिसरें कर्ज नियमानेंच मिळालें नसतें. मीं लिहिलेल्या खोट्या उत्पन्नाचें निम्में झालें बारा हजारांवर, आणि त्यांत तिन्हीं कर्जें सुखानें मावलीं! म्हणजे बाईला पाण्यांत ढकलणारी लेखणी माझी. "सर्वच लिहितात" हें उत्तर चोरालाही देतां येतें.

हे नियम आणखी काय म्हणतात तें आपल्या घरांत मोठ्यानें वाचून दाखवा. हप्ता दोघांच्या संमतीनें ठरलेल्या जागीं घ्यावयाचा. लागोपाठ दोन वेळां किंवा अधिक वेळां कर्जदार तेथें आला नाहीं तरच घरीं जावयाचें. सकाळीं नऊच्या आधीं आणि सायंकाळीं सहा नंतर तगादा नाहीं. शिवीगाळ, धमकी नाहीं. कर्जदाराच्या नातेवाइकांना, मित्रांना, सोबत काम करणारांना छळावयाचें नाहीं. त्याचें नांव चारचौघांत जाहीर करावयाचें नाहीं. न फेडल्यास काय होईल याविषयीं खोटी भीति घालावयाची नाहीं. मुदतीआधीं कर्ज फेडल्यास दंड नाहीं, आणि हप्ता चुकल्यास दंड लावावयाचा तो थकलेल्या रकमेवर, साऱ्या कर्जावर नव्हे. तक्रार आधीं कंपनीकडे लेखी करावी. तीस दिवसांत उत्तर आलें नाहीं किंवा समाधान झालें नाहीं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावें, १४४४८ या क्रमांकावर विचारपूस करतां येते. नियम चांगले आहेत. पण नियम वसुलीच्या माणसाला बांधतो. त्याचें काम शेजारणीनेंच फुकट करून दिलें तर नियमानें कोणाचा हात धरावा?

आतां आमच्या पुरुषवर्गास दोन शब्द, आणि ते गोड नाहींत. अर्ज बायकोच्या नांवाचा, अंगठा बायकोचा, अंगणांत उन्हांत बसणारी बायको, आणि पैसा कोठें गेला? आमच्या गटांतल्या दहा कर्जांचा मीं हिशेब विचारला. बी-बियाणें, शिलाईचें यंत्र, शेळ्या, दवाखाना, हें झालें सहांचें. बाकीच्या चारांत एका चिरंजीवांची मोटारसायकल, एक वाढदिवसाचा मंडप, एक जुनें देणें आणि एक असें कीं ज्याचा जमाखर्च गुत्त्याच्या मालकापाशींच मिळेल. हप्त्याच्या मंगळवारीं या चारही घरचे कर्ते पुरुष सकाळींच "कामानिमित्त" तालुक्याला जातात. बाईच्या नांवानें कर्ज मिळतें तें तिची पत मोठी म्हणून नव्हे. ती पळून जाऊं शकत नाहीं, तिला अंगणांत बसवितां येतें आणि तिला लाज वाटते म्हणून. ज्या पुढाऱ्यांनीं या कंपन्यांच्या मेळाव्यांत हार घालून घेतले आणि "महिला सक्षम झाल्या" म्हणून भाषणें ठोकलीं, त्यांनीं एक मंगळवार आमच्या आळींत येऊन बसावें. सतरंजीची व्यवस्था मी करीन.

येथें एक घोटाळा दूर केला पाहिजे. कंपनीच्या गटालाही आमच्या बायका "बचत गट" म्हणतात आणि कंपनीवाले तसें म्हणूं देतात. पितळेला सोन्याचें नांव दिल्यासारखें हें आहे. बचत गट म्हणजे दहा-वीस बायकांनीं दर महिन्याला आपला पैसा टाकावयाचा, तो आपणच एकमेकींस द्यावयाचा, व्याज गटांतच राहावयाचें, आणि कोणाची अडचण खरी नि कोणाची खोटी हें आपणच बसून ठरवावयाचें. १९९२ पासून नाबार्डनें असे गट बँकांशीं जोडून दिले, आपल्या राज्यांत माविम आणि उमेद यांचेही असे गट आहेत. त्यांतही खोड्या आहेत, पुस्तकें लिहिणारी बाई एकच असते, अध्यक्षीण कायमची असते, हें मला ठाऊक आहे. पण तेथें चुकलेल्या हप्त्याला मुदत देण्याचा अधिकार शेजारणींच्या हातांत असतो. कंपनीच्या गटांत बचत एक पैशाची नाहीं. तेथें शेजारणींच्या हातांत फक्त वसुली आहे.

आपल्याकडे इर्जिक नांवाची चाल होती, कांहीं भागांत अजून आहे. ज्याच्या दावणीला बैल नाहींत, किंवा ज्याच्या घरीं दुखणें आलें, त्याच्या शेतावर ठरल्या दिवशीं दहा घरचे नांगर जाऊन उभे राहावयाचे. दिवसांत रान नांगरून निघावयाचें. त्यानें एक वेळचें जेवण घालावयाचें, बस. सावड तर घरोघर ठाऊक आहे, आज माझ्या खुरपणीला तूं, उद्यां तुझ्या काढणीला मी. त्यांतही दहा घरें एकमेकांस बांधलेलीं असत. पण एकाच्या दारांत दहाजण जात ते नांगर घेऊन जात.

तेव्हां आमच्या आळींत आम्हीं कांहीं ठरविलें आहे तें लिहितों. पटेल त्यांनीं घ्यावें. पहिलें हें, कीं हमी देण्यापूर्वीं शेजारणीला तोंडावर विचारावयाचें, "बाई, तुझीं आधींचीं कर्जें किती?" आणि दोन असलीं तर तिसऱ्याला हमी द्यावयाची नाहीं. राग येईल, येऊं द्या. आज नाहीं म्हटलें म्हणून आलेला राग दिवाळीपर्यंत जातो; दारांत बसल्याचा जात नाहीं. दुसरें, मंगळवारच्या दहाहीजणींनीं दर आठवड्याला वीस रुपये वेगळे एका पेटींत टाकावयाचे. पन्नास आठवड्यांत दहा हजार होतात. एखादीचा आवा पावसांत गेला, एखादीचा नवरा दवाखान्यांत पडला, तर तिचे हप्ते त्या पेटींतून जातील, आणि ती सवडीनें पेटी भरून देईल, बिनव्याजी. खोटी सबब सांगणारीला पेटी नाहीं. खरें-खोटें शेजारणींना कळतें. तिसरें, कोणाच्याही दारांत वसुलीसाठीं आळींतल्या बाईनें पाऊल ठेवावयाचें नाहीं. कंपनीचें कर्ज आहे, कंपनीचा माणूस नियमाप्रमाणें जाईल, नियमाप्रमाणें बोलेल. यावर "सर" म्हणाले, "मग पुढचें कर्ज मिळणार नाहीं हं, ताई." माझ्या भावजयीनें उत्तर दिलें, "न्हाई तर न्हाई." तें ती किती दिवस म्हणूं शकेल हें मला सांगतां येत नाहीं, मृग तोंडावर आला कीं बियाण्याचा प्रश्न उभा राहीलच, आणि मास्तराच्या पगारांत दहा घरांचें बियाणें बसत नाहीं. सोसायटीच्या पीककर्जासाठीं आम्हीं सहाजणांचे कागद केले आहेत. बँकेच्या साहेबांनीं सोमवारीं बोलाविलें आहे.

हंड्याचें राहिलें. भावजयीनें तो चिंच लावून लखलखीत घांसला आणि पैसे न घेतां कुंभाराच्या घरीं नेऊन दिला. कुंभारणीनें "ठेवा तिथं" म्हटलें. बसा म्हणाली नाहीं. त्या दोघी पूर्वीं एकाच नळावर तासभर बोलत उभ्या राहात. आतां एक पाणी भरून गेल्यावर दुसरी येते.

मी दर शनिवारीं शाळा सुटल्यावर शाळेच्या ओट्यावर दोन तास बसतों. ज्यांच्या घरीं अशीं कर्जें असतील त्यांनीं कर्जाचें कार्ड आणि माहितीपत्रक घेऊन यावें. मी वाचून दाखवीन, हिशेब फळ्यावर मांडून देईन, तक्रारीचा अर्ज लिहावयाचा असल्यास लिहून देईन. उत्पन्न मात्र खरें लिहीन. आजपर्यंत सात कार्डें आलीं. कुंभाराच्या घरचें अजून आलेलें नाहीं.